चार आवाजांना एका ल्यूटची साथ: कुठले सूर वाजवायचे, कुठले सोडायचे

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात सहा जणांचा एक गट सोळाव्या शतकातली मॅड्रिगल (कवितेवर रचलेली बहुआवाजी गाणी) आणि इंग्रजी चारभागी गाणी (वरून खाली सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस असे चार आवाज, प्रत्येकाची ओळ वेगळी) गातो. प्रश्न विचारणारे क्लासिकल गिटार वाजवतात आणि आता त्यांच्या हाती सहा जोडतारांचं ल्यूट, म्हणजे बोटांनी छेडायचं जुनं युरोपीय तंतुवाद्य, आलं आहे. गटाच्या संचालिका म्हणतात, साथ करा. चारही भाग टॅब्लेचरमध्ये (कुठल्या तारेवर, कुठल्या पडद्यावर बोट ठेवायचं ते दाखवणाऱ्या लिपीत) उतरवले तर हात पुरत नाही. नुसत्या कॉर्ड वाजवल्या तर गाण्याचं सगळं विणकाम झाकलं जातं. आणि कसंही वाजवलं तरी ल्यूट ऐकू येत नाही.

यातली तिसरी तक्रार मी आधी घेते, कारण पहिल्या दोन तिच्याच पोटातल्या आहेत. ल्यूट ऐकू येत नाही याचं कारण बहुतेक वेळा ते हळू वाजतं हे नसतं. गाणारे जे आधीच गात आहेत तेच सूर, त्याच क्षणी, त्याच सप्तकात ल्यूट वाजवत असतं, म्हणून ते ऐकू येत नाही. माणसाचा आवाज सूर धरून ठेवतो. छेडलेली तार पहिल्या क्षणी सगळ्यात मोठी असते आणि लगेच विरत जाते. सोप्रानो जो लांब सूर गाते आहे तोच तुम्ही वाजवलात, तर तिच्या आवाजाखाली तुमची तार अर्ध्या सेकंदात नाहीशी होते. म्हणून कोऱ्या पानासमोर बसाल तेव्हा ‘काय काय वाजवता येईल’ हे विचारू नका. ‘या गाणाऱ्यांकडे काय नाही, जे माझ्या तारेकडे आहे’ हे विचारा. तारेकडे तीन गोष्टी आहेत: सुराची नेमकी सुरुवात, लयीचा ठाम ठोका आणि न घसरणारी पट्टी. साथीची निवड या तिन्हींवरून करायची.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते, कारण इथे सरसकट उत्तर नाही.

एकच गायक असेल तर ल्यूट म्हणजे उरलेले सगळे आवाज. त्या काळात ही पद्धत सर्रास होती. छापखानदार पेत्रुच्चीने 1509 साली व्हेनिसमध्ये आणि 1511 साली फोस्सोम्ब्रोने इथे फ्रांचिस्कुस बोसिनेन्सिस या ल्यूटवादकाची दोन पुस्तकं छापली. त्यात फ्रोत्तोला नावाच्या चारभागी गाण्यांचा वरचा भाग गायकासाठी स्वरलिपीत आहे, टेनर आणि बेस ल्यूटच्या टॅब्लेचरमध्ये आहेत आणि आल्टो चक्क गाळलेला आहे. 1536 मध्ये संगीतकार आद्रियान विलार्टने व्हर्देलो या दुसऱ्या संगीतकाराच्या मॅड्रिगलांचं असंच पुस्तक केलं: वरचा आवाज गायचा, खालचे ल्यूटवर. इंग्लंडमध्ये नॉरफॉकच्या एडवर्ड पॅस्टन या कॅथलिक गृहस्थाच्या संग्रहात विल्यम बर्डसारख्या संगीतकारांची गाणी वरचा भाग वगळून ल्यूटसाठी उतरवलेली सापडतात. बोसिनेन्सिसची तोडमोड मला फार मोलाची वाटते. हात पुरत नाही तेव्हा काय सोडायचं, याचं त्या काळातल्याच वादकाने दिलेलं हे उत्तर आहे. बेस सोडायचा नाही, टेनर शक्यतो राखायचा, आल्टोवर पाणी सोडायचं.

दर भागाला तीन-चार गायक असतील तर ल्यूटचा नाद सोडा. तिथे थिऑर्बो, म्हणजे लांब मानेचं मोठं ल्यूट, किंवा छोटा ऑर्गन लागतो. आणि पाच-सहा भागांचं दाट मोटेट (चर्चमधली बहुआवाजी धार्मिक रचना) असेल तर मी ल्यूट मांडीवर ठेवून गप्प बसते. पोपच्या खाजगी चॅपेलमध्ये अशी रचना वाद्यांशिवायच गायली जात असे. इतरत्र वाद्यं असत, तरी प्रत्येक ठिकाणी वाजवलंच पाहिजे असं नाही.

तुमचा गट सहा जणांचा आहे, म्हणजे एखाद-दुसऱ्या भागाला दोघं, बाकी एकेक. सगळे भाग गायले जात आहेत आणि शिवाय ल्यूट आहे. हा प्रकार लोकांना अनावश्यक वाटतो, पण त्यालाही चांगला आधार आहे. इंग्रज ल्यूटवादक आणि संगीतकार जॉन डाउलंडचं 1597 चं पहिलं गाण्यांचं पुस्तक पाहा. उघडल्यावर डाव्या पानावर वरचा आवाज आणि त्याखाली ल्यूटचं टॅब्लेचर. उजव्या पानावर आल्टो, टेनर आणि बेस वेगवेगळ्या दिशांना तोंड करून छापलेले, म्हणजे एका टेबलाभोवती बसून सगळ्यांना एकाच पुस्तकातून गाता येईल. सगळे भाग एकत्र गा किंवा एखादाच भाग ल्यूटबरोबर गा, दोन्ही चालेल, असं मुखपृष्ठच सांगतं. रोममध्ये 1586 साली सिमोने व्हेरोव्हिओने कॅन्झोनेट्टांचा (छोट्या, हलक्या गाण्यांचा) संग्रह काढला, त्यातही गाण्याच्या भागांशेजारी ल्यूट आणि कीबोर्ड दोन्हींची टॅब्लेचर आहेत.

आपल्याकडच्या वाचकांना इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. ख्यालाच्या साथीत संवादिनी गायकाच्या मागे सावलीसारखी जाते, कारण पुढची जागा गायक त्या क्षणी ठरवतो. इथे तसं नाही. चारही ओळी आधीच लिहिलेल्या आहेत आणि प्रत्येक गायकाला फक्त स्वतःची ओळ नीट दिसते. त्या काळातले गायक वेगवेगळ्या पुस्तिकांतून गात, सगळे भाग एकाखाली एक असलेलं पान त्यांच्यासमोर नसे. ल्यूटच्या टॅब्लेचरमध्ये मात्र उभे सगळे सूर एका नजरेत येतात. म्हणून ल्यूटवाल्याने मागे मागे जायचं नसतं. कोण कुठे पोचतंय, कुठे सगळे एकत्र टेकणार आहेत, हे त्याला दिसतं आणि त्याने ते ऐकवायचं असतं.

माझी स्वतःची पद्धत आता सांगते. आधी चारही भाग एकाखाली एक लिहून काढते. मग फक्त बेस टॅब्लेचरमध्ये उतरवते आणि एक अख्खी तालीम फक्त बेस वाजवून काढते. हे कंटाळवाणं वाटेल, पण नव्वद टक्के साथ इथेच उभी राहते. वरच्या गायकांचा सूर खाली घसरायला लागला की त्यांना धरायला बेसच लागतो. दुसऱ्या तालमीत, जिथे सगळे आवाज एकत्र थांबतात त्या जागा भरते: पूर्ण स्वरमेळ (कॉर्ड), नीट एकत्र छेडलेला. तिसऱ्या वेळी, एखादा भाग बराच वेळ गप्प राहून पुन्हा आत येतो, त्याच्या प्रवेशाचे पहिले दोन-तीन सूर त्याच्याबरोबर वाजवते. बिचकत येणाऱ्या आल्टोला एवढाच आधार पुरतो. त्याची पूर्ण ओळ मी वाजवत नाही. आणि सोप्रानोची ओळ तर जवळजवळ कधीच नाही, कारण ती वाजवली की गायिका शब्द मोकळेपणाने म्हणायचं थांबवते आणि तारेच्या वेळेत अडकते.

उदाहरण म्हणून संगीतकार आर्कादेल्टचं हंसावरचं मॅड्रिगल घ्या, ‘इल बियांको ए दोल्चे चिन्यो’. 1539 साली छापलेल्या त्याच्या चारभागी मॅड्रिगलांच्या पहिल्या पुस्तकातलं. बहुतेक गटांनी ते गायलेलं असतं. त्यात बराच वेळ आवाज जवळजवळ एकाच वेळी शब्द उच्चारतात. तिथे बेस आणि मोजके स्वरमेळ पुरेत. रडण्याचा शब्द येतो तिथे अनपेक्षित असा ई फ्लॅटचा मेळ लागतो. तो मी सगळ्या बोटांनी पण हलक्या हाताने, तळापासून वर किंचित उलगडत वाजवते. गाणाऱ्यांना रंग बदलल्याचं कळतं आणि सूर पक्का मिळतो. शेवटी ‘हजार मरणं’ या शब्दांवर आवाज एकामागून एक आत येतात. तिथे स्वरमेळ बंद. एकेक प्रवेश बोटाने दाखवायचा आणि बेस आला की त्याच्यासोबत राहायचं. एकाच गाण्यात साथीचे असे दोन-तीन स्वभाव असू शकतात, आणि ते गाण्याच्या वीणीतून ठरतात.

लांब सुरांचं काय करायचं? बेसला मोठा सूर असतो, तुमची तार विरून जाते, आणि मोकळी जागा भरायचा मोह होतो. दर ठोक्याला तोच सूर पुन्हा छेडू नका. वरच्या आवाजांत मेळ बदलला की पुन्हा छेडा. नाही बदलला तर शांत राहा. शेवटाकडे जाताना आल्टो किंवा टेनर एखादा सूर मुद्दाम धरून ठेवतो, तो बेसशी भांडतो आणि मग खाली उतरून सुटतो. त्या जागी सवयीने पूर्ण मेजर कॉर्ड वाजवली तर तुम्ही सुटका आधीच करून टाकता आणि गायकाचं सगळं कष्टाचं काम वाया जातं. तिथे फक्त बेस आणि पाचवा स्वर (बेसला सा मानलं तर प) वाजवा. सूर सुटेल तेव्हा त्याच्याबरोबर तो एक सूर वाजवलात तरी चालेल.

वेळेबद्दल एक बारीक पण फार उपयोगी गोष्ट. चांगला गायक व्यंजन ठोक्याच्या किंचित आधी म्हणतो आणि अ, ओ, ई ठोक्यावर येतो. तार त्या अ-ओ-ईबरोबर वाजली पाहिजे. व्यंजनाबरोबर वाजली तर साथ सतत घाई करते आहे असं वाटतं, आणि दोष कुणाचा ते कुणालाच कळत नाही. यासाठी शब्द पाठ हवेत. इटालियन येत नसेल तरी उच्चार आणि अर्थ शब्दाशब्दाने शिकून घ्या. श्वासाच्या जागा गायकांच्या कागदावर असतात तशाच तुमच्या टॅब्लेचरवरही लिहा.

मग तान-पलटे? त्या काळातल्या ल्यूटच्या पुस्तकांत गाण्यांच्या उतरवणीत धावत्या सुरांची रेलचेल दिसते. ती मुख्यतः एकट्या वादकासाठी आहे. चार जण गात असताना मी दोन ओळींच्या मधल्या श्वासात एखादी छोटी धाव घेते, बस्स.

सुराचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो येणारच आहे. गाणारे एकमेकांशी जुळले की मेजर तिसरा स्वर (सा पासून शुद्ध ग) शुद्ध लावतात, म्हणजे सुमारे 386 सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). गिटारच्या समान विभागणीत तो 400 सेंटवर असतो. चौदा सेंटचा फरक कानाला चांगलाच टोचतो, विशेषतः शेवटच्या मेळात. ल्यूटचे पडदे आतड्याचे किंवा नायलॉनचे, मानेला बांधलेले असतात, त्यामुळे सरकवता येतात. हे गिटारवाल्यांना मिळालेलं वरदान आहे. पण सगळं सुटत नाही. ‘जी’ (G) पट्टीच्या ल्यूटवर पहिल्या पडद्यावर चौथ्या जोडीला एफ शार्प मिळतो आणि तिसऱ्या जोडीला बी फ्लॅट. शुद्ध तिसऱ्याच्या हिशेबात एफ शार्प खाली हवा, म्हणजे पडदा खुंट्यांकडे. बी फ्लॅट वर हवा, म्हणजे पडदा घोडीकडे. एक पडदा दोन्हीकडे जाऊ शकत नाही. गाण्यात बी फ्लॅट आणि ई फ्लॅट जास्त असतील तर मी पडदा घोडीकडे सरकवते आणि एफ शार्प पाचव्या जोडीच्या सहाव्या पडद्यावर घेते, नाहीतर सरळ गायकावर सोपवते. हा शेवटचा उपाय सगळ्यात चांगला आहे. शेवटच्या मेळात तिसरा स्वर वाजवूच नका. तळचा आणि पाचवा तुमचा, तिसरा गायकांचा. त्यांना तो जिथे गोड लागतो तिथे लावू द्या.

शार्प-फ्लॅटचा आणखी एक वाद तालमीच्या आधीच मिटवा. जुन्या गायनाच्या पुस्तकांत पुष्कळ शार्प-फ्लॅट लिहिलेलेच नसत, गायक ते रिवाजाने लावत. टॅब्लेचर मात्र बोट कुठल्या पडद्यावर ठेवायचं ते सांगतं, त्यामुळे तिथे संदिग्धता उरत नाही. तुम्ही जुनं टॅब्लेचर घेतलं आणि गटाकडे आधुनिक छापील आवृत्ती असेल, तर तुमचा एफ शार्प आणि त्यांचा एफ एका क्षणी भिडतील. दोन्ही कागद शेजारी ठेवून पेन्सिलने आधीच ठरवून घ्या. मी स्वतः जुन्या टॅब्लेचरकडे झुकते, कारण तिथे त्या काळातल्या एका वादकाने निर्णय घेतलेला असतो.

पट्टी आणि खर्ज. सहा जोड्यांच्या ल्यूटचा सगळ्यात खालचा सूर ‘जी’. बेस गायक मात्र एफपर्यंत सहज उतरतो. अशा वेळी सहावी जोडी त्या गाण्यापुरती एक स्वर उतरवून घ्या, किंवा तेवढाच सूर वरच्या सप्तकात वाजवा. दुसरा उपाय करताना तो सूर टेनरच्या वर जात नाही ना एवढं तपासा, नाहीतर मेळाचा तळच बदलतो. तुमच्या ल्यूटच्या खालच्या जोड्यांत एक जाड आणि एक सप्तक वरची बारीक तार असेल तर हाच घोटाळा आपोआप होऊ शकतो. डाउलंडला खालच्या जोड्यांतल्या अशा सप्तकाच्या तारा पसंत नव्हत्या आणि चार आवाजांच्या साथीपुरती मी त्याच्याच बाजूची आहे.

संचालिकांनी ‘सगळं एक स्वर वर घेऊ’ म्हटलं तर पहिली तार चढवू नका. तार तुटण्याची मर्यादा तिची लांबी आणि सुराची उंची यांवर ठरते, जाडीवर नाही, त्यामुळे बारीक तार लावून काहीही वाचत नाही. साठ सेंटिमीटरच्या आसपासच्या ल्यूटवर जीच्या वर जाण्यात शहाणपण नाही. टॅब्लेचरच नव्याने लिहा. उलट अनेक रचना वरच्या चाव्यांत (चावी म्हणजे क्लेफ, स्वरलिपीच्या ओळींवर कुठला सूर कुठे ते सांगणारी खूण) लिहिलेल्या असतात आणि त्या चौथा किंवा पाचवा स्वर खाली उतरवून गायचा त्या काळचा रिवाज होता. तेव्हा गट एखादं गाणं उंच म्हणून ओरडत असेल तर जुन्या छापात कुठल्या चाव्या आहेत ते आधी पाहा. गाणं खाली आणलं की गळे सुटतात आणि ल्यूटही ऐकू यायला लागतं.

ल्यूट हाताळायची सवय होईपर्यंत गिटारवरही हे सगळं करता येईल. तिसरी तार जीवरून एफ शार्पवर उतरवा, तिसऱ्या पडद्यावर कॅपो लावा. सहाही तारा जी पट्टीच्या ल्यूटच्या होतात आणि जुनं टॅब्लेचर थेट वाचता येतं. नखं मात्र ल्यूटसाठी कापावी लागतील. जोडतारेवर नख लागलं की दोन तारा एकमेकींवर आपटल्यासारख्या वाजतात. बोटाच्या मांसाने दोन्ही तारा एकत्र दाबून सोडा आणि साथीसाठी हात गुलाबापासून (मधल्या नक्षीदार भोकापासून) दूर, घोडीच्या जवळ आणा. तिथला आवाज थोडा कोरडा असतो, पण चार आवाजांतून तोच आरपार जातो. गायकांना अर्धवर्तुळात उभं करा, तुम्ही पुढे मध्यभागी बसा, तबली (ल्यूटची पुढची पातळ फळी) थेट श्रोत्यांकडे. एवढ्या बदलाने ऐकू येण्याची अर्धी तक्रार मिटते. माइक मी लावत नाही, कारण त्याने विरत जाणारी तारच मोठी होते आणि गाणारे नकळत जोर लावायला लागतात.

पावसाळ्यात पुण्याच्या हवेत आतड्याच्या तारा तुम्हाला छळतील, म्हणून निदान जून ते सप्टेंबर कार्बन किंवा नायलॉनच्या घाला. ल्यूटची तबली जेमतेम दीड मिलिमीटरची असते आणि सांधे सरसाने चिकटवलेले असतात. दमट उकाड्यात बंद गाडीत ते कधीही ठेवू नका. कार्यक्रमात प्रत्येक गाण्याआधी सूर तपासायला वेळ लागेल. तो वेळ गाण्याचाच भाग करा. बोसिनेन्सिसच्या पुस्तकांत गाण्यांबरोबर छोटे रिचेरकार (फक्त ल्यूटवर वाजवायचे प्रस्तावनेसारखे तुकडे) आहेत आणि कुठल्या गाण्याआधी कुठला वाजवायचा याच्या खुणाही आहेत. वीस-तीस सेकंदांचा असा एक तुकडा वाजवा, शेवटी गाण्याच्या पहिल्या मेळावर या. गायकांना सूर मिळतो, श्रोत्यांना पट्टी कळते आणि तुमच्या तारा लागल्या आहेत की नाही ते तुम्हालाही कळतं.

सुरुवात मात्र मॅड्रिगलने करू नका. डाउलंडच्या 1597 च्या पुस्तकातलं ‘नाउ ओ नाउ आय नीड्स मस्ट पार्ट’ घ्या. तीनच्या नाचऱ्या लयीत आहे, चारही आवाज बहुतेक एकत्र चालतात आणि ल्यूटचा भाग खुद्द डाउलंडने लिहून ठेवला आहे. पहिल्यांदा तो जसाच्या तसा वाजवा. मग बेसखेरीज सगळं काढून टाकून वाजवा आणि गायकांना विचारा, त्यांना कुठल्या जागी काय कमी वाटलं. त्या जागांवर तेवढंच परत घाला. कुठली ओळ अडली तर बेस आणि टेनरचे सूर इथे लिहा, बोटं कुठे बसतील ते मी पाहून सांगते.